लीजची वर्षं मोजा आणि वेळेत वाढवून घ्या

इंग्लंडमध्ये फ्लॅट घेतला, चाव्या हातात आल्या, वास्तुशांतही झाली. तरी कायद्याच्या लेखी तुम्ही त्या जागेचे भाडेकरूच असता. इमारत आणि तिच्याखालची जमीन फ्रीहोल्डरची. तुम्ही पैसे मोजलेले असतात ते ठरावीक वर्षांच्या लीजसाठी. ती मुदत संपली की जागा फ्रीहोल्डरकडे परत जायची असते. महाराष्ट्रातून गेलेल्या अनेक कुटुंबांच्या मनात फ्लॅट म्हणजे मालकी हक्काचा, हे पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे कर्जाचे हप्ते, सर्व्हिस चार्ज आणि मुलांच्या शाळा सांभाळताना लीजची वर्षं मोजायची राहून जातात. पुढे फ्लॅट विकायला काढला किंवा कर्ज दुसऱ्या बँकेकडे न्यायचं ठरवलं, की सॉलिसिटर विचारतो, लीज किती उरली आहे? तोवर बरेचदा उशीर झालेला असतो, आणि त्या उशिराची किंमत हजारो पौंडांत मोजावी लागते.

ही किंमत टाळता येते. लीज वाढवून मिळणं ही फ्रीहोल्डरची मेहेरबानी नाही. १९९३ च्या लीजहोल्ड रिफॉर्म, हाउसिंग अँड अर्बन डेव्हलपमेंट कायद्याने फ्लॅटधारकाला तो हक्क दिला आहे. मात्र हा हक्क तारखांनी बांधलेला आहे. तारखा पाळणाऱ्याच्या पदरात तो पुरेपूर पडतो, आणि चुकवणाऱ्याला वर्षभर थांबवतो.

हा लेख इंग्लंड आणि वेल्समधल्या फ्लॅटपुरता आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण तिथे निवासी लीजहोल्डची पद्धत जवळजवळ नाही. लीजवरच्या स्वतंत्र घरांना १९६७ चा वेगळा कायदा लागू होतो. तिथे लीज वाढवण्याऐवजी फ्रीहोल्डच विकत घेणं बहुधा शहाणपणाचं ठरतं.

आधी तारीख शोधा

फ्लॅटचं टायटल रजिस्टर आणि लीजची प्रत हिज मॅजेस्टीज लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून थोड्या पौंडांत मिळते. त्यात दोन गोष्टी पाहा: मुदत किती वर्षांची, आणि ती कोणत्या तारखेपासून. ही तारीख तुमच्या खरेदीची नसते, पहिल्या लीजची असते. समजा तिथे ‘२५ मार्च १९९० पासून ९९ वर्षं’ असं आहे. हा फ्लॅट मार्च २००८ मध्ये घेणाऱ्याच्या हाती ८१ वर्षं आली. तेव्हा कुणालाच त्यात काही खटकलं नसेल. मार्च २०२६ मध्ये त्याच लीजची ६३ वर्षं उरतात. फ्लॅट तोच आणि हप्ते वेळेवर गेलेले, पण बँकेच्या नजरेत तो आता अडचणीचा झालेला असतो.

कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेचे लीजबाबतचे नियम वेगळे असतात. काही संस्था कर्ज देतानाच किती वर्षं शिल्लक हवीत ते ठरवतात. काही कर्ज फिटेल त्या दिवशी किती उरली पाहिजेत ते पाहतात. लीज सत्तरीच्या घरात आली की कर्ज देणाऱ्यांची संख्या कमी होऊ लागते. पर्यायाने तुमचा फ्लॅट घेऊ शकणारे गिऱ्हाईकही कमी होतात. पुढे तो रोखीने घेणाऱ्या गुंतवणूकदारांपुरताच उरतो, आणि ते भाव पाडूनच मागतात.

८० वर्षांची रेघ

लीज वाढवण्यासाठी फ्रीहोल्डरला द्यायच्या रकमेला प्रीमियम म्हणतात. तो कसा निघतो हे कळलं, की घाई कुठे करायची तेही कळतं.

लीज वाढली की फ्रीहोल्डरचं दोन प्रकारे नुकसान होतं. एक, उरलेल्या वर्षांचं ग्राउंड रेंट, म्हणजे लीजपोटी त्याला दर वर्षी मिळणारं भाडं, बुडतं. दुसरं, मुदतीअंती फ्लॅट त्याच्याकडे परत येणार असतो, तो आणखी ९० वर्षं लांबतो. या दोन्हींची आजची किंमत काढली जाते. फ्लॅट परत येण्याची आजची किंमत काढताना फ्लॅटसाठी सर्वसाधारणपणे ५ टक्के दर धरतात. स्पोर्टेली या गाजलेल्या खटल्यापासून हा दर रूढ झाला.

लीज ८० वर्षांहून जास्त असेल तर हिशेब इथेच संपतो. ८० वर्षं किंवा त्याहून कमी उरली असतील तर तिसरी रक्कम वाढते. तिला मॅरेज व्हॅल्यू म्हणतात. लीज वाढल्यामुळे तुमची जागा आणि फ्रीहोल्डरचा हक्क यांची एकत्रित किंमत जितकी वाढते, त्यातला निम्मा वाटा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो.

एक ढोबळ हिशेब पाहू. लीज वाढल्यावर फ्लॅटची किंमत ३ लाख पौंड होईल, ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड आहे आणि ते वाढत नाही, असं धरू. ग्राउंड रेंटची आजची किंमत ६ टक्के दराने काढू.

लीज ८१ वर्षं उरली असेल, तर प्रीमियम सुमारे ७,३५० पौंड येतो.

तीच ७८ वर्षं उरली असेल आणि आत्ताच्या लीजसह फ्लॅटची किंमत २ लाख ८२ हजार धरली, तर प्रीमियम सुमारे १३,१०० पौंड.

६० वर्षं उरली असतील आणि आत्ताची किंमत २ लाख ४९ हजार धरली, तर प्रीमियम सुमारे ३४,२०० पौंडांवर जातो.

हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. तुमच्या फ्लॅटचे आकडे जागा, ग्राउंड रेंटच्या अटी आणि व्हॅल्युअरचं मत यांवर ठरतील. पण हिशेबाची चाल हीच राहते. ८१ ते ७८ या तीन वर्षांतच खर्च पाऊणपट वाढला. ग्राउंड रेंट ठरावीक वर्षांनी दुप्पट होणारं असेल तर आकडा आणखी फुगतो.

हिशेबाची तारीख म्हणजे तुम्ही कायदेशीर नोटीस देता तो दिवस. लीज ८० वर्षांवर यायच्या आदल्या आठवड्यातही नोटीस बजावली, तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. पुढची बोलणी वर्षभर चालली तरीही. म्हणून ८३-८४ वर्षं उरली असतानाच कामाला लागावं, म्हणजे व्हॅल्युअर शोधायला आणि कागद जमवायला निवांत वेळ मिळतो.

दोन वाटा: कायद्याची आणि आपसातली

कायद्याच्या वाटेने गेलात तर उरलेल्या मुदतीत ९० वर्षं मिळवली जातात आणि ग्राउंड रेंट कायमचं शून्यावर येतं. ६३ वर्षं उरली असतील तर नवी लीज १५३ वर्षांची होते. यासाठी मूळ लीज २१ वर्षांहून जास्त मुदतीची असावी लागते. पूर्वी फ्लॅट किमान दोन वर्षं आपल्या नावावर असावा लागे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ धर्मादाय हाउसिंग ट्रस्टची काही घरं किंवा नॅशनल ट्रस्टची मालमत्ता. शेअर्ड ओनरशिपचा फ्लॅट असेल तर आधी स्वतंत्र सल्ला घ्या.

दुसरी वाट आपसातल्या समजुतीची. फ्रीहोल्डर किंवा त्याचा मॅनेजिंग एजंट पत्र पाठवतो: इतके पौंड भरा, लीज ९९ किंवा १२५ वर्षांची करून देतो. काम लवकर होतं आणि आकडा लहान दिसतो. पण होकार देण्याआधी चार गोष्टी तपासा.

ग्राउंड रेंटचं काय होणार? ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे वाढवून दिलेल्या वर्षांसाठी ग्राउंड रेंट लावता येत नाही. मात्र जुन्या लीजची जी वर्षं उरली आहेत, त्यांचं ग्राउंड रेंट आपसातल्या व्यवहारात चालूच राहू शकतं. आजचा लहान प्रीमियम पुढच्या साठ वर्षांच्या ग्राउंड रेंटमधून वसूल होत नाही ना, हे कागदावर मांडून बघा.

प्रत्यक्षात किती वर्षं वाढतात? ‘१२५ वर्षांची लीज’ याचा अर्थ आजपासून १२५ की जुन्या तारखेपासून १२५? दोन्हींत काही दशकांचा फरक पडू शकतो.

लीजच्या बाकीच्या अटी बदलल्या आहेत का? नव्या मसुद्यात परवानगीचं शुल्क, सर्व्हिस चार्जचा वाटा किंवा दुरुस्तीची जबाबदारी हळूच बदललेली असू शकते. कायद्याच्या वाटेने मिळणारी लीज साधारण जुन्या अटींवरच मिळते.

आणि देकार मागे घेतला तर? आपसातल्या बोलण्यांत कुठलाच पक्ष बांधील नसतो. तुमची लीज ८० च्या जवळ असेल आणि समोरचा पत्रोत्तरांत महिने घालवत असेल, तर नुकसान फक्त तुमचं होतं. बोलणी खुशाल चालू ठेवा, पण रेघ ओलांडायच्या आत कायदेशीर नोटीस द्या. नोटीस दिल्यानंतरही तडजोड करता येते.

नोटिशीपासून नव्या लीजपर्यंत

पहिलं काम माणसं निवडण्याचं. आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य असलेला, तुमच्या भागातले असे हिशेब नेहमी करणारा व्हॅल्युअर हवा आणि याच कामात मुरलेला सॉलिसिटर हवा. घरखरेदीची कागदपत्रं करणारा प्रत्येक सॉलिसिटर हे काम सफाईने करतोच असं नाही. अलेप ही या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना आहे. तिच्या सदस्यांत शोधता येईल. त्याआधी लीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सरकारी निधीवर चालणाऱ्या लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसकडून मोफत माहिती घ्या. त्यांच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरने आकड्याचा अंदाज येतो.

दुसरं, नोटीस नेमकी कुणाला द्यायची ते ठरवणं. फ्रीहोल्डर आणि तुम्ही यांच्यामध्ये आणखी एखादा लीजधारक असू शकतो. चुकीच्या नावाने गेलेली नोटीस वाया जाते. फ्रीहोल्डरचा पत्ताच लागत नसेल तर काउंटी कोर्टाकडून आदेश घेण्याची सोय आहे. काम त्यासाठी अडत नाही.

तिसरं म्हणजे नोटीस. कायद्याच्या ४२ व्या कलमाखालच्या या नोटिशीत तुम्ही देऊ केलेला प्रीमियम, हव्या असलेल्या अटी आणि उत्तराची अंतिम तारीख असते. उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नोटीस दोघांच्या नावाने हवी. रक्कम कमी लावून बोलणी सुरू करणं रास्त आहे, पण ती खोटी वाटावी इतकी क्षुल्लक नको. कॅडोगन विरुद्ध मॉरिस खटल्यात अशाच नाममात्र रकमेमुळे नोटीस अवैध ठरली होती. नोटीस बजावल्यावर लँड रजिस्ट्रीत तिची नोंद करायला सॉलिसिटरला सांगा, म्हणजे फ्रीहोल्ड मध्येच विकलं गेलं तरी नवा मालकही तिने बांधला जातो.

नोटीस मिळाल्यावर फ्रीहोल्डर अनामत मागू शकतो: देऊ केलेल्या प्रीमियमच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यांतली मोठी रक्कम. त्याचा व्हॅल्युअर फ्लॅट बघायला येईल, त्याला येऊ द्या. मग येते काउंटर-नोटीस. तीत बहुधा तुमचा हक्क मान्य असतो आणि रक्कम अमान्य. हा आकडा मोठा असतो. घाबरून जाऊ नका. दोन व्हॅल्युअरांच्या बोलण्यांतून मधला आकडा निघणं हीच इथली रीत आहे.

आता तारखांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. काउंटर-नोटीस मिळाल्यापासून दोन महिने बोलणी करायची. त्यात जमलं नाही तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो, पण काउंटर-नोटिशीपासून सहा महिन्यांच्या आतच. वेल्समध्ये यासाठी वेगळं ट्रायब्युनल आहे. बोलणी छान चालली आहेत म्हणून अर्ज लांबवू नका. सहा महिने उलटले की तुमची नोटीस मागे घेतली असं धरलं जातं, आणि नवी नोटीस द्यायला १२ महिने थांबावं लागतं. त्या वर्षात लीज ८० च्या खाली घसरू शकते. समोरून काउंटर-नोटीस वेळेत आलीच नाही, तर मात्र पारडं तुमच्या बाजूला झुकतं. सहा महिन्यांत काउंटी कोर्टात गेलात तर तुम्ही मांडलेल्या अटींवर लीज मिळवता येते. आणि अटी ठरल्यावरही स्वस्थ बसू नका. नवी लीज दोन महिन्यांत सही होऊन पुरी व्हायला हवी. झाली नाही तर पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात अर्ज करावा लागतो.

शेवटी जुनी लीज संपून नवी तिची जागा घेते आणि तिची नोंद लँड रजिस्ट्रीत होते. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेला सुरुवातीपासून कळवा. कायद्याच्या वाटेने कर्जाचा बोजा नव्या लीजवर आपोआप येतो. आपसातल्या व्यवहारात बँकेची संमती घ्यावी लागते.

पैसे कुठेकुठे लागतात

प्रीमियम हा खर्चाचा एक भाग झाला. तुमच्या सॉलिसिटरची आणि व्हॅल्युअरची फी आहेच. सध्याच्या कायद्याप्रमाणे फ्रीहोल्डरचा वाजवी कायदेशीर आणि मूल्यांकनाचा खर्चही तुम्हीच द्यायचा असतो, आणि नोटीस मागे घेतली तरी तो चुकत नाही. मात्र त्याच्या व्हॅल्युअरने रकमेवर घासाघीस करण्याचा किंवा ट्रायब्युनलमध्ये लढण्याचा खर्च तुमच्यावर येत नाही. बिलात तो घुसडलेला दिसला तर हरकत घ्या.

स्टॅम्प ड्युटीचा प्रश्न आधीच विचारा. प्रीमियम ४०,००० पौंडांच्या पुढे असेल आणि तुमच्या नावावर आणखी घर असेल, तर वाढीव दर लागण्याची शक्यता असते. त्यात जगातलं कुठलंही घर धरलं जातं. पुण्यात किंवा नाशिकला वडिलोपार्जित फ्लॅट तुमच्या नावावर असेल, तर तो सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा. तुम्ही स्वतः राहता त्या मुख्य घराची लीज वाढवताना सवलत मिळू शकते. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं गणित वेगळं.

भारतातून हे काम करणाऱ्यांसाठी

नोकरीची वर्षं संपवून अनेक जण भारतात परततात आणि लंडन, रेडिंग किंवा मिल्टन कीन्सचा फ्लॅट भाड्याने देतात. दूर राहिल्याने लीजकडे दुर्लक्ष होण्याचा धोका त्यांनाच सर्वांत जास्त. तरी हा हक्क त्यांनाही आहे, कारण त्यासाठी फ्लॅटमध्ये राहावं लागत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नोटिशीवर तुमच्या वतीने सॉलिसिटर सही करू शकतो, त्यामुळे तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. नव्या लीजवर सही करताना मात्र साक्षीदार समोर लागतो. ते भारतात कसं करायचं, की तिथल्या विश्वासू माणसाला पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायची, हे आधी ठरवा. लँड रजिस्ट्रीकडे तुमचा सध्याचा पत्ता आणि ईमेल नोंदवलेला असू द्या. पैसे भारतातून पाठवणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेची माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा लक्षात घ्या.

विकायचाच असेल तर

फ्लॅट विकायला काढण्याआधी लीज वाढवलेली असेल तर सर्वांत उत्तम. तेवढा वेळ नसेल तर विक्रेत्याने नोटीस द्यावी आणि तिचा हक्क लीजसोबत खरेदीदाराच्या नावे करावा. दोन वर्षांची अट गेली असली तरी ही युक्ती अजून उपयोगी आहे. लँड रजिस्ट्रीत नाव लागेपर्यंत नव्या खरेदीदाराला स्वतःची नोटीस देता येत नाही, आणि रेघेजवळच्या लीजला तेवढे आठवडेही महाग पडू शकतात. तुम्ही घेणारे असाल तर ८५ वर्षांहून कमी लीज दिसताच वाढीचा खर्च काढून घ्या आणि तो भावातून वजा करायला सांगा.

नव्या कायद्यासाठी थांबावं का?

आज सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. मे २०२४ मध्ये लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म कायदा मंजूर झाला. त्यात ९९० वर्षांची वाढ आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, आणि फ्रीहोल्डरचा खर्च बहुतांशी ज्याचा त्यानेच करायचा आहे. मात्र दोन वर्षांच्या अटीसारखे काही भाग लागू झाले, तरी या मोठ्या तरतुदी हा लेख लिहीपर्यंत अमलात आलेल्या नाहीत. बड्या फ्रीहोल्डरांनी कायद्याला दिलेलं आव्हान ऑक्टोबर २०२५ मध्ये हायकोर्टाने फेटाळलं. तरीही हिशेबाचे दर सरकारने ठरवायचे आहेत, आणि ते कधी ठरतील यावर कुणी घर गहाण ठेवू नये.

माझा सल्ला लीज किती उरली त्याप्रमाणे वेगळा आहे. ९० वर्षांहून जास्त असेल तर निर्धास्त थांबा, वर्षातून एकदा बातमी पाहा. ८० ते ८५ च्या दरम्यान असेल तर थांबू नका. कायदा लांबला तर रेघ ओलांडली जाईल, आणि मग मॅरेज व्हॅल्यू भरण्याशिवाय गत्यंतर उरणार नाही. लीज आधीच ८० च्या खाली असेल, फ्लॅट विकायचा नसेल आणि कर्जाची मुदतही इतक्यात संपत नसेल, तर थांबण्यात फायदा असू शकतो, कारण मॅरेज व्हॅल्यू गेली तर सर्वांत मोठी बचत तुमचीच. मात्र दर वर्षी बाकीचा प्रीमियम वाढतो, तेवढी जोखीम जाणूनबुजून घ्या. आणि विक्री, कर्जबदल किंवा वारसांमध्ये वाटणी समोर असेल, तर आजच्या कायद्याने काम उरका.

थांबायचं की नाही, हे आकडे समोर ठेवून ठरवलं तर तो निर्णय असतो. न बघता गेलेली वर्षं हे निव्वळ नुकसान. म्हणून या आठवड्यात एवढं करा: लीजची प्रत मागवा, मुदतीची सुरुवात आणि वर्षं टिपून घ्या, ८० वर्षं उरतील ती तारीख काढा आणि घरातल्या दोघांनाही ती माहीत असू द्या. इमारतीत ओळखीची आणखी कुटुंबं असतील तर त्यांनाही विचारा, कारण एकाच इमारतीतल्या लीज बहुधा एकाच सुमारास सुरू झालेल्या असतात. चार-पाच फ्लॅटधारकांनी एकच व्हॅल्युअर आणि एकच सॉलिसिटर गाठला तर फी कमी करून मागता येते. पुरेसे जण तयार झाले तर सगळे मिळून इमारतीचं फ्रीहोल्डच विकत घेण्याचा विचारही करता येतो. तसं झालं, तर पुढची लीज वाढवताना कुणाकडे प्रीमियमची बोलणी करायला जावं लागणार नाही.